चांदमारीवरचे सुपडाजी

सुपडाजी पहिल्यांदा आमच्या चांदमारीवर आले तेव्हा त्यांच्या एका हातात वांग्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात पलटणीतून निवृत्त झाल्याचा, घडीवर फाटलेला दाखला. तो दाखला त्यांनी माझ्यापुढे धरला. वीस वर्षांची नोकरी, हुद्दा हवालदार, आणि खाली टाइप केलेली एक ओळ : शेवटची सात वर्षं नव्या जवानांना रायफल शिकवण्याचं काम. वाचून मी दाखला परत दिला आणि म्हणालो, “बरं झालं आलात. आम्हाला माणसं हवीच आहेत.”

मी खोटं बोललो. निदान मला तरी कोणी नको होतं.

चीनची लढाई होऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. गावोगाव लोकांना वाटू लागलं होतं, की आपल्यालाही बंदूक धरता आली पाहिजे. खामगावात एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांनी रायफल मंडळ काढलं. पोलिसांकडून तीन बारक्या बोअरच्या रायफली मिळाल्या. गावाबाहेर मुरमाची जुनी खाण होती. तिच्या उभ्या भिंतीपुढे तीन लाकडी फळ्या रोवल्या, कापसाच्या जिनिंगातून आणलेल्या पोत्यांत माती भरून त्यांच्यावर रायफल टेकवायची सोय केली, लाल निशाण लावलं, आणि झाली आमची चांदमारी. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी शिकवणी असे. कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही. शिकवणारा एकटा मी.

मी तिथल्या हायस्कुलात गणित शिकवायचो. अमरावतीला कॉलेजात असताना नेमबाजीत दोन वर्षं पहिला आलो होतो. त्याच्यावर मी बरंच जगत होतो. खाणीत मी शाळेतला फळा नेला होता. त्याच्यावर गोळीची वाट, गुरुत्वाकर्षण, वाऱ्याचा परिणाम असं सगळं काढून दाखवायचो. जिनिंगातले कारकून, सरकीच्या दुकानातले गुमास्ते, दोन शिक्षिका, एक कंपाउंडर अशी पंचवीस-तीस माणसं समोर मांडी घालून बसत. शिकवून झालं की मी आडवा पडून पाच गोळ्या मारत असे. पाचही काळ्या वर्तुळात. लोक “वाहवा” म्हणत. ते ऐकायला मला फार आवडायचं.

सुपडाजी नांदुऱ्याजवळच्या वडनेर भोलजीचे. तिथं विहिरीवर त्यांची भाजीची बाग होती. शनिवारी सकाळी ते नांदुऱ्याहून गाडीत बसत, जलंबला गाडी बदलत आणि दुपारपर्यंत खामगावात येत. पिशवीतली वांगी वकीलसाहेबांच्या घरी पोचती करत, रात्री कुणा नातेवाइकाकडे झोपत आणि रविवारी दुपारी परत जात. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं सडपातळ, धोतरावर खाकी शर्ट आणि पायात पलटणीतले बूट. पहिले दोन आठवडे ते नुसते मागं उभे होते. मी शिकवताना हात मागं बांधून ऐकायचे. मला वाटलं, चला, शिकतोय म्हातारा.

तिसऱ्या रविवारी गोपाळ नावाच्या गुमास्त्याची पाळी होती. गोपाळ धिप्पाड माणूस, सरकीचं पोतं एकटा उचलायचा, पण गोळी सुटायच्या आत त्याचे डोळे मिटायचे आणि खांदा उडायचा. मी त्याला चौथ्यांदा समजावत होतो. माझा आवाज चढला होता. तेवढ्यात सुपडाजी पुढं आले. “गुरुजी, मी जरासा बसू का याच्यापाशी?” असं त्यांनी विचारलं आणि मी काही म्हणायच्या आत ते गोपाळजवळ मातीत आडवे झाले. आधी त्यांनी त्याच्या कोपरांखालचे खडे हातानं झाडून काढले. मग खिशातून एक चिंचोका काढला आणि रायफलीच्या नळीवर, अगदी टोकाशी, माशीच्या अलीकडे ठेवला. माशी म्हणजे नेम धरायचा तो बारका उंचवटा.

“रायफल रिकामी हाये,” ते म्हणाले. “गोयी नाई, आवाज नाई. तू नुसता चाप दाब. चिंचोका पडला नाई पायजे.”

चिंचोका पडला. पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. मी बाकीच्यांना घेऊन फळ्याकडे गेलो, पण कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे मान वळवून चिंचोक्याकडे बघत होते. विसाव्या-एकविसाव्या वेळी तो पडला नाही. सुपडाजींनी गोपाळच्या हातात एक गोळी दिली. “आता हे भर. अन् ध्यानात ठेव, चाप दाबला की गोयी तुही नाई राह्यली. तिच्या मांगं जाऊ नको.”

ती गोळी काळ्यात लागली. गोपाळ आडवा होता तिथंच हसायला लागला.

त्या दिवसापासून माणसं त्यांना उस्ताद म्हणायला लागली. पलटणीत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात, त्यात विशेष काही नव्हतं. पण मला सर म्हणत. सर तर खामगावात शंभर होते.

पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या खिशात चिंचोके होते. शिक्षिकाबाईंनी तर धुऊन, पुसून, रुमालात बांधून आणले होते. माझ्या फळ्यापुढे तिघं-चौघं बसायचे, तेही मला वाईट वाटू नये म्हणून. मी बीजगणित मांडत असे आणि माझ्या पाठीमागून त्यांचा आवाज येई. “श्वास अर्धा सोड. अर्धा पोटात राहू दे. हाव. आता घाई नको करू बे.” गोळी सुटली की ते विचारत, “कुठी लागली?” कधी स्वतः सांगत नसत. शिकणाऱ्यानंच बघायचं आणि सांगायचं. “खालच्या अंगाले, उस्ताद.” “मंग काऊन गेली खाली?” तेही त्यानंच सांगायचं. माणूस स्वतःची चूक स्वतःच शोधायला लागे. लोक ही पद्धत फार वाखाणायचे. मला ती इतकी पटली की एकदा शाळेत गणिताच्या तासाला मी ती चोरून वापरली. तेव्हाही मनातून जळतच होतो.

ते कुणाची स्तुती करत नसत. पाचही गोळ्या काळ्यात गेल्या तर “बरं हाये” एवढंच. आणि त्या “बरं हाये”साठी माणसं आठवडाभर घरी कवायत करत. माझी शाबासकी मी रेवड्यांसारखी वाटत होतो. कुणाला तिचं काही वाटत नव्हतं.

इथवर कसंबसं निभलं असतं. पण मग माझी बायको चांदमारीवर येऊ लागली.

कमल उंद्रीची. घरी शेती, आठवीपर्यंत शाळा. लग्न होऊन आली तेव्हा ती “मले”, “तुमाले” बोलायची. मी तिची भाषा सुधारली. म्हणजे ती “मले” म्हणाली की मी ऐकूच आलं नाही असं दाखवायचो आणि ती “मला” म्हणाली की उत्तर द्यायचो. दोन वर्षांत ती शुद्ध बोलायला लागली आणि बोलणं निम्मं झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. मंडळ सुरू झालं तेव्हा मी तिलाही रायफल शिकवायला घेतली होती. तिसऱ्याच गोळीला मी तिच्या अंगावर ओरडलो. तिनं रायफल खाली ठेवली आणि पुन्हा हात लावला नाही. टार्गेटचे कागद फळ्यांवर चिकटवायला खळ लागायची, तेवढी ती घरी करून द्यायची.

एका रविवारी खळीचं पातेलं घरीच राहिलं म्हणून ती ते घेऊन खाणीत आली. सुपडाजींनी पावलांचा आवाज ऐकून मान वळवली.

“कोन बाई हायेत?”

“मी सरांच्या घरची.”

“माहेर कोनतं?”

“उंद्री.”

“उंद्रीच्या बायका ज्वारीवरचे पाखरं गोफनीनं हाकलतात. तुमी हाकलले का नाई?”

“हाकलले ना! माह्या हातचं एक बी पाखरू कनसावर टिकत नव्हतं,” कमल बोलून गेली आणि तिनं एकदम माझ्याकडे पाहिलं.

“मंग या इकडे,” सुपडाजी म्हणाले. “नेम तुमाले येतेच. नुसती वस्तू बदलली.”

त्या दिवशी तिनं दहा गोळ्या मारल्या. मी दूर उभा राहून बघत होतो. ती त्यांच्याशी भराभरा बोलत होती, माहेरच्या भाषेत, हात उडवत. एकदा मोठ्यानं हसली. आमच्या घरात ते हसू मी ऐकलं नव्हतं. सुपडाजी तिच्या बापाच्या वयाचे, त्यामुळे दुसरी कुठली शंका मला शिवली नाही. तशी शंका परवडली असती. जे मी दोन वर्षांत मिटवून ठेवलं होतं ते या माणसानं गोफणीचं एक नाव काढून उघडलं, हे मला सोसेना.

तीन महिन्यांत कमल मंडळातली सगळ्यांत चांगली नेमबाज झाली. बुलढाण्याला जिल्ह्याची स्पर्धा होणार होती. बायकांत तिचं नाव पाठवायचं ठरलं. लोक मला म्हणत, “सर, नशीबवान हो तुम्ही!” मी हसायचो. माझे दात शिवशिवायचे.

याच सुमारास मला एक गोष्ट दिसली.

एका शनिवारी जोराचा वारा होता. मधल्या फळीवरचा कागद उडून खाणीच्या कोपऱ्यात गेला. रिकामी फळी उभी होती. सुपडाजी कंपाउंडरला शिकवत होते. फळीकडे बघत ते म्हणाले, “घे शिस्त, धर नेम. मधोमध. दिसते ना काया गोल?” कंपाउंडर क्षणभर थांबला आणि म्हणाला, “उस्ताद, जरा थांबतो, डोळ्यात धूळ गेली.” तेवढ्यात गोपाळनं लाल निशाण वर करून धावत जाऊन कागद लावला. सुपडाजींना काही कळलं नाही. मला कळलं. पंचवीस यार्डांवर कागद आहे की नाही हे त्यांना दिसत नव्हतं.

मी खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांसारखी काळी टोपी घातली आणि दहा पावलांवर गुपचूप उभा राहिलो. “राम राम, वकीलसाहेब,” सुपडाजी म्हणाले. मी उत्तर न देता निघून आलो. आता सगळं उलगडलं. “कुठी लागली” असं का विचारतात, पावलांच्या आवाजावरून माणूस का ओळखतात, आणि इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतः एकही गोळी का मारली नाही. मला दुःख व्हायला पाहिजे होतं. मला हलकं वाटलं. घरी जाताना मी शीळ घालत होतो.

स्पर्धेच्या आधी दोन आठवडे, ज्यांनी आम्हाला रायफली दिल्या होत्या ते पोलीस खात्यातले एक साहेब चांदमारी बघायला आले. वकीलसाहेबांनी हार घातला. माणसांनी गोळ्या मारून दाखवल्या, साहेब खूश झाले. मग मी पुढं झालो आणि म्हणालो, “आता आमचे उस्ताद स्वतः पाच गोळ्या मारून दाखवतील. हवालदार सुपडाजी. मधली फळी.”

कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, आदरानं गप्प आहेत.

सुपडाजींनी आवाजाच्या दिशेनं माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणणं त्यांना सोपं होतं. हात दुखतो, पाठ दुखते, काहीही. ते म्हणाले, “हो गुरुजी.” त्यांनी माझ्या हातून रायफल घेतली, खाली वाकून आपल्या कोपरांसाठी खडे झाडले आणि आडवे झाले. इतकं सुंदर आडवं होणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. देह जमिनीत मुरल्यासारखा. पाच गोळ्या त्यांनी मारल्या, पाचांमध्ये अंतर सारखं. रायफल एकदाही हलली नाही.

गोपाळ कागद आणायला गेला. तो फार सावकाश चालत होता. आणून त्यानं साहेबांच्या हातात दिला. कागद कोरा होता. एकही भोक नाही.

साहेब हसले. “काय हवालदार, मुरमाची शिकार केली?” त्यांच्यासोबतचे दोन शिपाईही हसले. वकीलसाहेब लाजेनं लाल झाले. सुपडाजींनी उठून धोतर झटकलं, रायफल उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि विचारलं, “कोनाचा नंबर आता?” कुणीच पुढं आलं नाही. तेव्हा त्यांनी पिशवी उचलली आणि सगळ्यांना राम राम करून ते स्टेशनाकडे निघाले. जलंबच्या गाडीला अजून दोन तास होते.

संध्याकाळी मी जेवायला बसलो. कमलनं ताटाशेजारी एक कागद ठेवला. टार्गेटचा कागद. त्याच्या वरच्या कोपऱ्यात पाच भोकं होती, एकमेकांना चिकटून. पाचांवर मिळून चिंचोका ठेवला असता तर ती झाकली गेली असती.

“हे काय?” मी विचारलं.

“हे माह्यं टार्गेट आहे. मधलीच्या शेजारच्या फळीवरचं. आज मी एक बी गोळी मारली नाही. साहेबासमोर शेवटी मारायची म्हणून मले मागं ठेवलं होतं, अन् माह्यी पाळी आलीच नाही.”

मी कागदाकडे बघत राहिलो. पंचवीस यार्डांवरून पाच गोळ्या एका जागी. कॉलेजात दोन वर्षं पहिला आलेला मी, असा नेम मला कधी साधला नव्हता. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. फक्त समोरच्या तीन अंधुक आकारांतला मधला कोणता, हे त्यांना कळलं नव्हतं.

“तुमाले माहीत होतं ना?” कमल म्हणाली. “त्यायले दिसत नाही म्हणून?”

मी कागद पालथा घातला. तेच उत्तर झालं.

“तुला माहीत होतं?” मग मीच विचारलं.

“मले पहिल्या दिवशीच समजलं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगतलं असतं,” ती म्हणाली, “तर तुमी तेच केलं असतं जे आज केलं.”

ती “मले” म्हणत होती आणि मी ऐकत होतो. ऐकूच आलं नाही असं दाखवण्याची माझी हिंमत नव्हती.

वकीलसाहेबांनी दुसऱ्या दिवशी निरोप धाडला. ज्याला स्वतःला नेम धरता येत नाही त्यानं शिकवू नये, यापुढे सगळी जबाबदारी सरांची. म्हणजे मी जिंकलो. पुढच्या शनिवारी मी फळा पुसून स्वच्छ केला आणि खाणीत गेलो. सहा माणसं आली. रविवारी चार. गोपाळ आला होता, पण त्यानं रायफलीला हात लावला नाही, पोत्यांची माती नीट करत बसला. कमल आलीच नाही. स्पर्धेला जायचं नाही म्हणाली. खळ तेवढी तिनं करून दिली. त्या खळीचं पातेलं हातात घेऊन गावातून चालत जाताना मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली, आणि ती खाणीपर्यंत काही गेली नाही.

सोमवारी मी शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि तो पाच भोकांचा कागद घडी करून वडनेरला गेलो.

सुपडाजी बागेत होते. वांग्याच्या वाफ्यांना पाणी देत होते. पाटाच्या पाण्यात अनवाणी उभे, पाय पुढं सरकवत, पाणी कुठवर आलं ते तळव्यानं जोखत होते. माझ्या बुटांचा आवाज ऐकून म्हणाले, “या गुरुजी.”

मी रस्ताभर वाक्यं जुळवली होती. तिथं त्यातलं एकही तोंडी आलं नाही. मी एवढंच म्हणालो, “सुपडाजी, मला माहीत होतं. मुद्दाम तुमच्या हाती रायफल दिली.”

“मले समजलं होतं ते,” ते म्हणाले. “तुमी आवाज चढवून बोलले तवाच.”

“मग ‘नाही’ का म्हणाला नाहीत?”

“कसं म्हनू? चार महिने त्या लोकायले सांगून राह्यलो, गोयीच्या मांगं जाऊ नका, नुसतं आपलं काम बराबर करा. अन् माह्यावर पाळी आली तर पाठ दुखते म्हनू?”

मी कागद त्यांच्या हातात दिला. हात धोतराला पुसून त्यांनी तो धरला आणि बोटाच्या टोकानं चाचपला. भोकं सापडली. बोट त्याच्यावर थोडा वेळ फिरलं.

“पाच हायेत?”

“पाच. शेजारच्या फळीवर.”

ते हसले. मग बांधावर बसले, मलाही बसायला लावलं. घरातून त्यांच्या बायकोनं चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, “अकोल्याच्या डाक्टरले दाखवलं. मोतीबिंदू नाई म्हने. आतलंच काई सुकून राह्यलं. इलाज नाई. आता तरी उजेड दिसते, आकार दिसते. पुढं तेही नाई राह्यनार.” बशी खाली ठेवून ते पुढं म्हणाले, “गुरुजी, तुमाले एक सांगू? तुमी शिकवून झाल्यावर पाच गोया मारता ना? लोक वाहवा म्हनतात. मी मांगं उभा राहून ऐकतो. अन् घरी येताना गाडीत लय जळतो. याले दिसते, अन् मले दिसत नाई. सात वर्ष पलटन शिकवली मी, अन् मले या मास्तराच्या डोयाची जलन होते. असं वाटे का, एखाद्या दिवशी याचा एक तरी नेम चुकावा.”

 चार महिने मी समजत होतो की त्या खाणीत जळणारा माणूस मी एकटा आहे.

“चला परत,” मी म्हणालो. “शिकवा तुम्ही. दूरचं मी बघतो आणि तुम्हाला सांगतो.”

 त्यांनी पाटाचं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं, फावडं धुतलं. मग म्हणाले, “येतो. पन लोकायले मीच सांगीन माह्या तोंडानं.”

आधी मी वकीलसाहेबांकडे गेलो आणि तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. मी काय केलं तेही सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि शेवटी म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं ते करा.” पुढं ते माझ्याशी पहिल्यासारखं कधी बोलले नाहीत.

शनिवारी सगळी माणसं आली. कमलही आली. सुपडाजी मधोमध उभे राहिले, हात मागं बांधून. “मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली,” ते म्हणाले. “मले त्या फळ्यायवरचं दिसत नाई. लय दिवसापासून.”

सगळ्यांनी गोपाळकडे पाहिलं. मग गोपाळ म्हणाला, “हाव उस्ताद. आमाले माहीत आहे.”

“कवापासून?”

“चिंचोक्यापासून.”

सुपडाजींचे मागं बांधलेले हात सुटले.  तीस माणसांनी, कुणी कुणाला न सांगता, चार महिने ही गोष्ट झाकून ठेवली होती. वाऱ्यानं कागद उडाला की कुणीतरी धावायचं, कुणाच्या तरी डोळ्यात धूळ जायची. आणि मी त्या गोष्टीला माझा शोध समजत होतो. माझ्यासाठी एवढं कुणी केलं असतं का, असा विचार त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आला. आला तो आला, लपवण्यात अर्थ नाही.

बुलढाण्याच्या स्पर्धेला आम्ही बोथ्याच्या घाटातून एसटीनं गेलो. सरावाच्या गोळ्या झाल्या की नेमबाजाशी दोन शब्द बोलायची मुभा होती. कमलच्या मागं मी दुर्बीण लावून बसलो, शेजारी सुपडाजी. मी हळूच सांगायचो, “काळ्यात, पण घड्याळातल्या पाचाच्या अंगाला. तिन्ही तिथंच.” ते क्षणभर विचार करायचे आणि पुढं वाकून तिला म्हणायचे, “बाई, उजवा खांदा आवळून धरून राह्यल्या तुमी. सोडा त्याले.” तिच्या खांद्याकडे मी वीतभर अंतरावरून बघत होतो. मला काहीच आवळलेलं दिसलं नव्हतं. त्यांनी ते कशावरून ओळखलं, मला आजवर कळलेलं नाही.

कमल बायकांत दुसरी आली. बक्षीस देणाऱ्या साहेबांनी तिला विचारलं, “कोणी शिकवलं तुम्हाला?”

“उस्तादांनी,” ती म्हणाली.

मी पहिल्या रांगेत बसलो होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा, पण त्या नावाला दुसरं नाव जोडलं नाही.  मग मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, कारण तिनं खरं तेच सांगितलं होतं.

सुपडाजींना मोताळ्यावरून नांदुऱ्याला जाणारी गाडी धरायची होती. आम्हाला खामगावची. स्टँडवर गोपाळनं त्यांना खिडकीजवळची जागा धरून दिली. बुलढाण्याच्या थंड हवेत त्यांनी कानांवरून उपरणं गुंडाळलं होतं. कंडक्टरला त्यांनी वडनेरचा फाटा आला की आवाज द्यायला सांगितलं. आता पावसाळाभर येणं होणार नाही, पुढचं डोळ्यांवर आहे, असं ते आदल्या दिवशीच म्हणाले होते. पावसाळा संपायच्या आत माझी बदली झाली, मंडळही बंद पडलं, आणि त्यांची-माझी गाठ पुन्हा पडली नाही.

गाडी सुरू झाली. सुपडाजींनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि आमच्याकडे बघून हलवला. म्हणजे त्यांना वाटलं, आमच्याकडे. आम्ही उभे होतो त्याच्या बऱ्याच बाजूला, उसाच्या रसाच्या गाडीपाशी रिकामी जागा होती, तिकडे बघून ते हसत होते आणि हात हलवत होते. कमलनं हाक मारायला तोंड उघडलं. मी तिचा दंड धरून तिला थांबवलं आणि भराभर चालत जाऊन त्या रिकाम्या जागी उभा राहिलो. तिथून मीही हात वर केला.